व्यालेली कुत्री, तिचे दूध आणि पिल्लांचे दूध तुटेपर्यंतचे आठ आठवडे

घरातील कुत्री पहिल्यांदा विते तेव्हा नवख्या पालकाच्या हातून चुका बहुधा दोन वेळी होतात. पहिली वेळ म्हणजे व्यायल्यानंतरचे दोन-तीन दिवस, आणि दुसरी म्हणजे चौथा-पाचवा आठवडा, जेव्हा तीच प्रेमळ आई पिल्लांवर गुरगुरू लागते. पहिल्या वेळी आपण ‘आई आहे ना जवळ’ म्हणून निर्धास्त राहतो आणि दुसऱ्या वेळी आई निष्ठुर झाली असे समजून मध्ये पडतो. प्रत्यक्षात गरज याच्या नेमकी उलट असते. सुरुवातीच्या दिवसांत प्रत्येक पिल्लावर बारीक नजर हवी, आणि दूध तोडण्याच्या काळात शक्यतो सारा कारभार आईच्या हाती सोपवून आपण तिची सोय पाहावी. पुढील मार्गदर्शन त्याच क्रमाने दिले आहे.

पहिला दिवस: चीक पोटात गेला पाहिजे

पिल्लू जन्मते तेव्हा त्याचे डोळे आणि कान बंद असतात, अंगातील ऊब स्वतः राखण्याची शक्ती त्याला नसते आणि रोगांशी लढणारी प्रतिपिंडेही त्याच्या रक्तात अगदी थोडी असतात. गर्भात असताना ती वारेतून फारच कमी मिळतात. खरा साठा मिळतो तो चिकातून, म्हणजे व्यायल्यानंतर प्रथम येणाऱ्या दाटसर दुधातून. पिल्लाच्या आतड्यातून ही प्रतिपिंडे जशीच्या तशी रक्तात शिरण्याची वाट साधारण 24 तासांत बंद होते, आणि ती जन्मानंतरच्या काही तासांपासूनच अरुंद होऊ लागते. म्हणून प्रत्येक पिल्लू पहिल्या दोन-तीन तासांत सडाला लागले आहे हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहणे, हे पालकाचे पहिले काम होय. आई अजून वीत असली तरी आधी जन्मलेल्या पिल्लांना पिऊ द्यावे. त्यांच्या लुचण्याने पान्हा फुटतो आणि गर्भाशयाच्या कळांनाही जोर मिळतो.

मात्र सड तोंडात असणे आणि दूध पोटात जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नीट पिणाऱ्या पिल्लाची जीभ सडाभोवती पन्हाळीसारखी वळलेली असते, पुढचे दोन्ही पंजे आळीपाळीने स्तनावर दाबले जात असतात, मान एका लयीत मागेपुढे होते आणि हलकेच मागे ओढले तरी सड सहजासहजी सुटत नाही. पिऊन झाल्यावर त्याचे पोट गोल पण मऊ लागते आणि ते भावंडांच्या ढिगात जाऊन झोपते. झोपेत त्याचे पाय व ओठ मधूनमधून फुरफुरतात. ते निरोगीपणाचे लक्षण आहे, झटके नव्हेत. याउलट जे पिल्लू एका सडावरून दुसऱ्यावर सरपटत राहते, सारखे कुईकुई करते आणि ज्याचे पोट चपटे राहते, त्याला दूध मिळत नाही किंवा त्याला गारठा लागला आहे, असे समजावे.

कुत्रीला सामान्यतः 8 ते 10 सड असतात आणि मागच्या जोड्यांना दूध अधिक असते. दांडगी पिल्ले साहजिकच तिथे घुसतात आणि दुबळे पिल्लू पुढच्या, कमी दुधाच्या सडांकडे ढकलले जाते. माझ्याकडे एकदा सात पिल्लांत एक 240 ग्रॅमचे होते आणि दुसऱ्या दिवशी ते 225 वर उतरले. दर खेपेला त्याला मागच्या सडाशी नेऊन, सड हलकेच दाबून दुधाचा एक थेंब त्याच्या ओठांवर लावायचा आणि त्याच्या पाठीमागे तळहात आडवा धरून पाच-सात मिनिटे बसायचे, एवढेच मी केले. तळहातावर भावंडांच्या ढुशा बसत होत्या, त्या त्याच्यावर बसल्या नाहीत. चौथ्या दिवशी ते आपण होऊन मागच्या पायांच्या सांध्यात शिरून सडाला लागले आणि नंतर त्याला हाताची गरज पडली नाही. सडांपेक्षा पिल्ले जास्त असतील तर त्यांचे दोन गट करून आळीपाळीने पाजावे; परंतु बाहेर ठेवलेला गट उबेत असला पाहिजे आणि आईच्या नजरेआड नसावा.

पहिले दोन आठवडे: ऊब, वजन आणि आईचे खाणे

नवजात पिल्लाच्या बाबतीत ऊब ही दुधाच्याही आधी येते, हे नवख्या माणसाला सहसा ठाऊक नसते. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या जागेचे तापमान सुमारे 29 ते 32 अंश सेल्सिअस असावे आणि पुढे ते आठवड्यागणिक थोडे थोडे उतरवावे. सुरुवातीच्या दिवसांत पिल्लाला कुडकुडताही येत नाही, त्यामुळे गारठलेले पिल्लू थरथरत नाही, तर सुस्त पडते. त्याच्या तोंडात बोट घातले तर आतून गार लागते. अशा पिल्लाला घाईघाईने दूध पाजणे धोक्याचे असते, कारण अंगाचे तापमान 35 अंशांच्या खाली गेले की आतड्याची हालचाल मंदावते आणि दूध पचल्याविना पोटात साचून राहते. त्याला आधी आपल्या अंगाशी धरून किंवा कापडात गुंडाळलेल्या कोमट पाण्याच्या पिशवीशेजारी ठेवून, तासा-दोन तासांत हळूहळू ऊब द्यावी, आणि ते हालचाल करू लागले की मगच सडाशी न्यावे. आई आणि पिल्ले ज्या पेटीत राहतात, तिच्या एकाच टोकाला उबेची सोय करावी. सगळी पेटीच तापवली तर पिल्लांना दूर सरकायला जागा उरत नाही आणि उकाड्याने कासावीस झालेली आई पेटीबाहेर जाऊन पडते; मग ‘आई पाजत नाही’ अशी तक्रार सुरू होते, ज्यात तिचा काहीही दोष नसतो.

वजन रोज एकाच वेळी, ग्रॅममध्ये मोजणाऱ्या काट्यावर करावे आणि लिहून ठेवावे. पिल्ले सारखी दिसत असतील तर त्यांच्या गळ्यात वेगवेगळ्या रंगांचे सैल धागे बांधावेत आणि ते दर दोन दिवसांनी तपासावेत, कारण मान भराभर वाढते. पहिल्या दिवशी वजन किंचित घटले तरी चालते, मात्र ही घट जन्मवजनाच्या दहाव्या हिश्शापेक्षा अधिक नसावी. त्यानंतर रोज जन्मवजनाच्या 5 ते 10 टक्के वाढ अपेक्षित असते. म्हणजे 300 ग्रॅमचे पिल्लू दिवसाला 15 ते 30 ग्रॅमने वाढावे आणि दहाव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास 600 ग्रॅमच्या जवळ पोहोचावे. पिल्लू आजारी दिसू लागण्याच्या आधीच काटा ते सांगतो. सलग दोन दिवस वजन थबकले किंवा एका दिवसात घसरले, तर पशुवैद्याला कळवण्यास उशीर करू नये.

या काळात आई दर दोन तासांनी किंवा त्याहूनही लवकर पाजते आणि पुढाकार सर्वस्वी तिचा असतो. ती पेटीत शिरते, कुशीवर आडवी होते, झोपलेल्या पिल्लांना चाटून जागे करते आणि सडांकडे वळवते. पोटावर आणि शेपटीखाली ती जे चाटते ते केवळ लाडाने नव्हे. त्या स्पर्शावाचून पिल्लाला लघवी व शौच होत नाही, आणि झालेली घाण ती स्वतःच गिळून जागा स्वच्छ ठेवते. काही जणांना हे पाहवत नाही आणि ते तिला रागावतात. तसे मुळीच करू नये. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास पिल्लांना हे आपोआप जमू लागते आणि मग तिचे चाटणेही कमी होते.

पहिले काही दिवस ती पिल्लांना सोडून बाहेर जाण्यास तयार नसते. तिचे खाणे पेटीजवळ द्यावे आणि लघवीसाठी तिला पट्टा लावून थोड्या वेळापुरतेच बाहेर न्यावे. दूध वाढत जाते तसे तिचे खाणेही वाढले पाहिजे. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दूध सर्वाधिक असते आणि तेव्हा तिला नेहमीच्या दुप्पट ते तिप्पट आहार लागतो. पिल्ले जास्त असतील तर याहूनही अधिक. एवढे अन्न ती एका वेळी खाऊ शकत नाही, म्हणून ते चार-पाच वेळा विभागून द्यावे, आणि वाढत्या पिल्लांसाठी बनवलेला अधिक पोषक आहार तिलाच द्यावा. स्वच्छ पाणी सतत तिच्या पुढ्यात असावे, पण भांडे पेटीच्या बाहेर असावे, कारण डोळे न उघडलेली पिल्ले उथळ पाण्यातही गुदमरू शकतात.

दर आठवड्याला पिल्लांच्या नखांची टोके कापावीत. पंजे स्तनावर दाबताना या सुईसारख्या नखांनी आईच्या कातडीवर ओरखडे उठतात, आणि पाजताना वेदना होऊ लागल्या की ती पाजण्याचे टाळू लागते. जंतांचे औषध दुसऱ्या आठवड्यापासून सुरू करण्याची पद्धत आहे, कारण गोल जंत वारेतून आणि दुधातूनही पिल्लांकडे येतात. औषध व मात्रा पशुवैद्याकडूनच ठरवून घ्यावी आणि आईलाही द्यावी.

आईला दूध नसेल किंवा ती आजारी असेल तर कुत्र्याच्या पिल्लांसाठी मिळणारी दुधाची भुकटी वापरावी. गाईच्या दुधावर पिल्ले जगवण्याचा प्रयत्न पुष्कळ जण करतात, परंतु कुत्रीच्या दुधात गाईच्या दुधाच्या दुपटीहून अधिक प्रथिने आणि स्निग्धांश असतात, आणि दुग्धशर्करा मात्र कमी असते. त्यामुळे गाईच्या दुधाने पिल्लाचे पोट भरते पण पोषण अपुरे पडते, आणि बरेचदा हगवणही लागते. बाटलीने पाजताना पिल्लू पोटावर पालथे आणि डोके किंचित वर, म्हणजे ते आईजवळ असते तसेच धरावे. तान्ह्या मुलासारखे उताणे धरून पाजल्यास दूध श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होण्याचा धोका असतो. पाजून झाल्यावर ओल्या कापसाने शेपटीखाली हलकेच पुसून लघवी-शौच करवावे लागते, कारण ते आईचे काम तेव्हा आपल्याकडे आलेले असते.

आईचे दोन आजार, जे ओळखता आलेच पाहिजेत

पहिला म्हणजे स्तनदाह. रोज एकदा तिला शांतपणे कुशीवर निजवून प्रत्येक स्तन हाताने चाचपावा. निरोगी स्तन भरलेला असला तरी लवचीक असतो. दाह झालेला स्तन गरम, लाल किंवा जांभळट आणि दगडासारखा लागतो, हात लावताच ती मान वळवते आणि त्यातून येणारे दूध कधी पिवळट-हिरवट, कधी रक्ताळलेले असते. एखाद्या सडाकडे पिल्ले जातच नसतील तर तो सड आधी तपासावा.

दुसरा आजार अधिक भयंकर आहे, कारण तो काही तासांत जीव घेऊ शकतो. दुधावाटे अंगातील कॅल्शियम वेगाने बाहेर जाते आणि रक्तातील त्याचे प्रमाण एकाएकी घसरते. हे बहुधा व्यायल्यानंतर दोन ते चार आठवड्यांत, विशेषतः लहान चणीच्या आणि भरपूर पिल्ले असलेल्या कुत्रीत घडते. ती अस्वस्थ होते, सारखी धापा टाकते, पिल्लांकडे लक्ष देत नाही, पाय ताठ टाकत चालते, स्नायू थरथरतात, अंग तापते आणि पुढे झटके येतात. अशा वेळी पिल्ले तिच्यापासून दूर करून तिला त्याच क्षणी पशुवैद्याकडे न्यावे. सकाळपर्यंत वाट पाहू नये. हे टाळण्यासाठी गाभण असतानाच कॅल्शियमच्या गोळ्या देणे हा मात्र उपाय नव्हे. बाहेरून आयते कॅल्शियम मिळत राहिले की हाडांतून ते काढून घेण्याची शरीराची यंत्रणा मंदावते आणि ऐन दुधाच्या दिवसांत धोका वाढतो.

चौथा आठवडा: आई उठून उभी राहते

साधारण 10 ते 14 दिवसांत डोळे उघडतात, त्यानंतर थोड्याच दिवसांत कान मोकळे होतात, तिसऱ्या आठवड्यात पिल्ले डुलत डुलत चालू लागतात आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दुधाचे दात हिरड्यांतून वर येतात. इथून आईचे वागणे बदलते, आणि हा बदल टप्प्याटप्प्याने पाहता आला तर पुढचे सारे सोपे होते.

आधी ती पेटीबाहेर अधिक वेळ राहू लागते. मग आडवे होऊन पाजण्याऐवजी बसून किंवा उभ्याने पाजू लागते, आणि पिल्लांना मागच्या पायांवर उभे राहून माना ताणून लुचावे लागते. आता ती पिल्लांकडे जात नाही. पिल्ले तिच्या मागे धावतात. पाचव्या आठवड्यानंतर तर पाजण्याची सुरुवात बहुतेक पिल्लांकडूनच होते आणि शेवट मात्र तिच्याकडून. ती मधेच चालू लागते, एक-दोन पिल्ले सडाला लटकून चार पावले फरफटत जातात आणि टपकन खाली पडतात. पाहणाऱ्याच्या पोटात कालवते, परंतु पिल्लू लगेच उठते, अंग झटकते आणि, कधी कधी त्याच क्षणी, शेजारच्या ताटलीकडे वळते.

यानंतर गुरगुरणे येते. पिल्लू धारदार दातांनी सड धरते तेव्हा ती प्रथम थिजते, त्याच्याकडे रोखून पाहते, मग ओठ वर उचलते, गुरगुरते, आणि तरीही ते मागे हटले नाही तर हवेत तोंड मारते किंवा त्याचे थोबाड क्षणभर आपल्या जबड्यात हलकेच धरते. पिल्लू किंचाळून उताणे पडते. माझ्या पहिल्या कुत्रीला मी अशा वेळी दरडावले होते, आणि त्याचे मला आजही वाईट वाटते, कारण नंतर नीट पाहिले तेव्हा पिल्लाच्या अंगावर दाताचा साधा ओरखडाही नव्हता आणि ती दोन मिनिटांतच त्याचे कान चाटत होती. किती जोराने चावले तर समोरच्याला दुखते, आणि ‘नाही’ची खूण दिसली की थांबायचे, हे पिल्लू या आठवड्यांत आईकडून आणि भावंडांकडून शिकते.

तरीही प्रत्येक नकार नैसर्गिक समजू नये. पहिल्या दोन आठवड्यांत ती पिल्लांना जवळ घेत नसेल, पिल्लांना जखमा होत असतील, किंवा गुरगुरल्यानंतर ती दीर्घकाळ परत फिरकतच नसेल, तर स्तनदाह, ताप, भीती किंवा सतत येणारी-जाणारी माणसे, यांपैकी काही कारण आहे का ते शोधावे.

या काळात पालकाने तिला निवाऱ्याची एक जागा द्यावी, जिथे ती उडी मारून जाऊ शकेल आणि पिल्ले पोहोचू शकणार नाहीत. पेटीच्या एका बाजूला अडसर ठेवला, जो ती ओलांडेल पण पिल्लांना ओलांडता येणार नाही, तरी पुरते. ज्या आईला दूर जाण्याची मुभा असते तिला गुरगुरण्याची वेळ फारशी येत नाही.

आणखी एक गोष्ट पाहून अनेक जण घाबरतात. पिल्ले आईच्या तोंडाचे कोपरे चाटतात आणि ती नुकतेच खाल्लेले अन्न त्यांच्यापुढे ओकते, मग पिल्ले ते आवडीने खातात. हा आजार नाही. लांडग्यांतही हेच दिसते. अर्धवट पचलेले, मऊ, कोमट अन्न हा पिल्लांचा पहिला घास असतो. आई एरवी तरतरीत असेल तर तिला अडवू नये, फक्त तिला थोडे जास्त खायला द्यावे, कारण तिच्या वाट्याचे अन्न पिल्लांच्या पोटात गेलेले असते.

पहिली ताटली

दात दिसू लागले आणि पिल्ले आईच्या भांड्याशी हुंगू लागली की ताटली मांडावी. पिल्ले बरीच असतील तर हे थोडे आधी केल्यास आईवरचा भार हलका होतो. पिल्लांसाठीचा कोरडा आहार कोमट पाण्यात किंवा पिल्लांच्या दुधाच्या भुकटीच्या पाण्यात पूर्ण भिजवून, कुस्करून, बोटावरून ओघळेल इतका पातळ करावा आणि अगदी उथळ, पसरट भांड्यात द्यावा. आईला तास-दोन तास दूर ठेवून पिल्लांना थोडी भूक लागू द्यावी. बोटाला लावून थोडेसे चाटवावे, तोंड मात्र भांड्यात दाबू नये. नाकात गेले तर ते पिल्लू पुढच्या खेपेला ताटलीपासून पळते. पहिल्या दिवशी पिल्ले त्यात पाय देतील, लोळतील, शिंकतील आणि पोटात फार थोडे जाईल. त्यानंतर आईला आत सोडावे. ती उरलेले संपवते, पिल्लांना चाटून स्वच्छ करते आणि अनेकदा पाजतेही.

सुरुवातीला दिवसातून तीन-चार वेळा असे करावे, दर तीन-चार दिवसांनी पाणी थोडे कमी करावे आणि सातव्या-आठव्या आठवड्यापर्यंत कोरड्या किंवा जेमतेम ओल्या आहारावर यावे. शौच पातळ झाले तर एक पाऊल मागे यावे आणि दोन दिवस थांबावे. त्याबरोबर पिल्लू सुस्त असेल किंवा शौचात रक्त दिसले तर थेट पशुवैद्याकडे जावे. उथळ भांड्यात पाणी आता पिल्लांच्या जवळ ठेवावे. कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका आणि चॉकलेट यांचा अंशही त्यांच्या खाण्यात येऊ नये. पिल्ले वेगवेगळ्या गतीने शिकतात, म्हणून वजनाची वही इथेही चालू ठेवावी, कारण ताटलीभोवतीच्या गर्दीत मागे पडलेले पिल्लू नजरेतून सहज निसटते.

दूध आटताना

पिल्ले बहुतांशी ताटलीवर आली की आईचा वाढवलेला आहार हळूहळू उतरवावा, नाहीतर दूध येतच राहते आणि प्यायला कोणी नसल्याने स्तन तटतटतात. सहाव्या आठवड्यापासून कपात सुरू करून आठव्याच्या अखेरीस ती नेहमीच्या आहारावर यावी. तटतटलेले स्तन दाबून दूध काढू नये. जितके काढाल तितके नवे येते. पिल्ले एकाच दिवशी सगळी दूर करण्याऐवजी पाजण्याच्या वेळा एकेक करून कमी झाल्या, तर स्तनांना त्रास होत नाही. आटण्याच्या दिवसांत एखादा स्तन गरम किंवा कडक लागला, तर तो पशुवैद्याला दाखवून घ्यावा.

पिल्ले खाऊ लागली म्हणून ती सहाव्या आठवड्यात नव्या घरी देण्याची घाई करू नये. किमान आठ आठवडे ती आई व भावंडांबरोबर राहावीत. या दिवसांत आईच्या दुधातून आलेले संरक्षण ओसरत असते, म्हणून सहाव्या ते आठव्या आठवड्यात पहिल्या लशीची वेळ पशुवैद्याला विचारून ठरवावी.

सातव्या-आठव्या आठवड्यातही एखादे पिल्लू झोपाळलेल्या आईच्या पोटाशी जाऊन जवळजवळ कोरडा झालेला सड तोंडात धरते, ती त्याला थोडा वेळ तसेच राहू देते आणि मग उठून आपल्या उंच जागी जाऊन बसते. तिथून तिला खाली आणू नये, आणि पिल्लालाही आधी हटवू नये.